दांडी सोडली, चकरी धरली: गिअरची गाडी सोडून डायलवाल्या गाडीकडे वळणाऱ्या नागपूरकरांसाठी

चौदा वर्षं मी गिअरची गाडी चालवली. मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर हाफ क्लचवर गाडी तोलत उभं राहणं, इतवारीत सायकलरिक्षाच्या मागे पहिल्या गिअरात सरकत जाणं, हे सगळं अंगात मुरलेलं होतं. त्यामुळे मागच्या दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घरी आली आणि दोन सीटच्या मधोमध दांडीऐवजी एक गोल चकरी दिसली, तेव्हा मनात म्हटलं, हे तर मिक्सरपेक्षा सोपं आहे.

तिसऱ्याच दिवशी महालातल्या एका गल्लीत गाडी वळवायची वेळ आली. समोर लिंबूवाल्याची हातगाडी. मी ब्रेक दाबला, चकरी डावीकडे फिरवली, ‘टक’ असा आवाज आला आणि मान मागे वळवून पाय सोडला. गाडी मागे जाण्याऐवजी पुढच्या उताराकडे निघाली आणि बंपर हातगाडीला टेकला. फार काही नाही, पण दोनेक डझन लिंबं रस्त्यावर गडगडली. “मॅडम, मागं घ्या म्हटलं, तर पुढं काऊन येऊन राहिल्या?” लिंबूवाला म्हणाला. रागावलासुद्धा नाही बिचारा. लिंबं मी सगळी विकत घेतली, महिनाभर लोणचं पुरलं.

झालं असं होतं की माझ्या गाडीत पुढे नेणाऱ्या डी वरून मागे नेणाऱ्या आर ला जायला दोन टक लागतात. एका टकीवर येतो तो न्यूट्रल. मिक्सरची चकरी फिरवली की पातं फिरतंच. गाडीची चकरी ही फक्त विनंती असते. ती मान्य झाली की नाही, हे समोरच्या पडद्यावरचं अक्षर सांगतं. ही एक गोष्ट शोरूममध्ये कुणी नीट सांगितली असती, तर हा लेख लिहायची पाळी आली नसती.

१. आधी विचारा, आत कोणती पेटी आहे

‘दांडी बरी की चकरी?’ असं मला बरेच जण विचारतात. प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो. हाताशी येतं ते गाडीचं तोंड, पोट वेगळं असतं. जुन्या अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीत गिअरची दांडी स्टिअरिंगच्या नळीवर होती, पुढे ती खाली जमिनीवर आली. जागा बदलली, पण क्लच दाबून गिअर टाकायचं काम तेच राहिलं. तसंच चकरीचं. एकाच दिसण्याच्या चकरीखाली पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

एएमटी म्हणजे तुमची जुनी गिअरचीच पेटी आणि तोच क्लच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम एक छोटं यंत्र करतं. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओमुळे ही पेटी आपल्याकडे घरोघरी पोचली. गिअर बदलताना गाडी मान हलवल्यासारखी हिसका देते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला की हिसका कमी होतो. बहुतेक एएमटीत दांडी असते, पण रेनो क्विडमध्ये डॅशबोर्डवर आर, एन, डी अशी चकरी आली होती. स्वस्तातली चकरी बघायची असेल तर ती.

टॉर्क कन्व्हर्टर ही जुनी, मऊ चालणारी ऑटोमॅटिक. इंजिन आणि पेटीच्या मध्ये तेल असतं, त्यामुळे ब्रेकवरून पाय काढला की गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकते. सीव्हीटीत गिअर नसतातच, दोन पुल्या आणि त्यांच्यावर पट्टा. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी मागाहून धावते. डीसीटीत दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा आणि एक सम गिअरांचा. चालायला झकास, पण ज्यांत हे क्लच कोरडे असतात त्या गाड्यांना आपल्या उन्हाळ्यातली कोंडी मानवत नाही. त्याचं पुढे सांगते.

आणि पाचवी इलेक्ट्रिक. हिच्यात बदलायला गिअरच नाहीत, मोटार आणि एकच ठरलेला दात्यांचा जोड. रिव्हर्स म्हणजे मोटार उलटी फिरवणं, बस. म्हणूनच इथे दांडीची गरज उरली नाही आणि चकरी, बटण, स्टिअरिंगजवळची काडी असलं काहीही चालून जातं.

एक फसवी जातही आहे, आयएमटी. २०२० मध्ये ह्युंदाईच्या व्हेन्यूत आली. पायाशी दोनच पेडल, हाताशी गिअरची पूर्ण दांडी. क्लच दाबायचा नाही, पण गिअर तुम्हालाच बदलायचे. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही गाडी ‘ऑटोमॅटिक आहे’ म्हणून दाखवली जाते. नाही आहे.

तेव्हा विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा. पी, म्हणजे उभी गाडी अडकवून ठेवणारा पार्क, आहे का? ब्रेक सोडल्यावर गाडी स्वतः सरकते का? चढावर थांबली की मागे न येता किती वेळ धरून ठेवते? या तीन उत्तरांवर तुमचं रोजचं चालवणं ठरतं, चकरीच्या चमकत्या कड्यावर नाही.

२. परवाना आणि कागदपत्रं

ज्यांना मुळात गाडीच येत नाही त्यांच्यासाठी आधी दिलासा. आपल्याकडे ऑटोमॅटिकचा वेगळा परवाना नसतो. हलक्या मोटारीचा, म्हणजे एलएमव्हीचा परवाना दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालतो.

शिकाऊ परवान्याचा अर्ज सारथी पोर्टलवर भरायचा. तो सहा महिने चालतो, आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे लाल एल लावायचा आणि शेजारी परवानाधारक माणूस बसवायचा. आपलं घर कोणत्या कार्यालयाकडे येतं ते अर्जाआधी बघा. शहर एमएच-३१, पूर्व नागपूर एमएच-४९ आणि ग्रामीण एमएच-४०. शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर बघून अंदाज बांधू नका, त्याने ती कुठे राहत असताना घेतली कोण जाणे.

लागणारी कागदं: वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचा नमुना १-अ. गाडीत ठेवायला नोंदणीचं कार्ड, विमा, परवाना आणि पेट्रोल-डिझेलची गाडी असेल तर पीयूसी. डिजिलॉकरमधले चालतात. इलेक्ट्रिकला पीयूसी लागत नाही. हिरवी पाटी असूनही कुणी मागितलीच, तर शांतपणे पाटीकडे बोट दाखवायचं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या बहुतेक गिअरच्याच असतात. मग गिअरवर शिकावं की थेट चकरीवर? माझं मत असं की वय कमी असेल आणि भीती नसेल, तर गिअरवर शिका. काटोलला मामाच्या घरी रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर तिथे उभी असलेली गाडी चकरीची असणार नाही. पण माझी नणंद ५२ व्या वर्षी शिकली. क्लासच्या गाडीत सहा दिवसांत तिने स्टिअरिंगपेक्षा क्लचकडेच जास्त पाहिलं. सातव्या दिवशी म्हणाली, “वहिनी, मला गाडी चालवायची आहे, शिलाई मशीन नाही.” तिला थेट माझ्या गाडीवर बसवलं. आज ती एकटी कामठीला जाते.

३. टेस्ट ड्राइव्ह: रस्ता तुम्ही ठरवा

शोरूमचा माणूस तुम्हाला मोकळ्या रस्त्यावरून एक फेरी मारून आणतो. त्यात काहीच कळत नाही. तुम्ही तीन जागा मागा. एक, रामझुला पूल, संध्याकाळी गर्दीच्या वेळी, चढावर गाडी थांबेल असा. दोन, तुमच्याच अपार्टमेंटचा बेसमेंटचा उतार. तीन, एक अरुंद गल्ली, जिथे दोनदा मागे-पुढे केल्याशिवाय गाडी वळत नाही.

घरात गाडी जास्त कोण चालवणार, त्याला सोबत न्या. पायात रोजच्या वापरातली चप्पल घाला, चकचकीत बूट नको. परवाना जवळ ठेवा. आणि गाडीत बसल्यावर आधी एसी, आवाज आणि गिअर यांची बटणं कुठे आहेत ते बघा. काही गाड्यांत आवाजाची चकरी आणि गिअरची चकरी वीतभर अंतरावर असतात. नजर रस्त्यावर आणि हात चाचपडतोय, अशा वेळी चूक व्हायला एवढं अंतर पुरतं. स्टिअरिंगवरची काडीही तशीच. मर्सिडीजमध्ये गिअरची काडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते, जिथे आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर असतो. वळायचं म्हणून सवयीने काडी खाली दाबली, की गाडीला गिअरचा हुकूम जातो.

माझा सल्ला, चकरीला फिरवताना जाणवणारा घट्टपणा आणि प्रत्येक अक्षरावर स्पष्ट अडकण असलेली गाडी घ्या. लोण्यासारखी फिरणारी चकरी शोरूममध्ये छान वाटते, गल्लीत नाही.

४. डावा पाय विसरा

गिअरवरून येणाऱ्यांचा सगळ्यात मोठा धोका चकरीत नाही, डाव्या पायात आहे. चौदा वर्षं तो पाय सिग्नल आला की पूर्ण ताकदीने खाली जात होता, कारण तिथे क्लच होता. आता तिथे ब्रेकचं रुंद पेडल आहे. व्हरायटी चौकात माझ्या पायाने ते दाबलं आणि गाडी जागच्या जागी ठप्प. मागच्या स्कूटीवाल्या मुलीने कसंबसं थांबवलं. ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तिचं बरोबर होतं.

उपाय अगदी साधा आहे. पहिले दोन आठवडे गाडीत बसल्या बसल्या डावा पाय सीटच्या दिशेने मागे ओढून ठेवा, टाच सीटच्या बुडाशी. डावीकडे पाय ठेवायची जागा असते, तिथे सुद्धा नको, कारण तिथून ब्रेक जवळ पडतो. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाने, टाच ब्रेकसमोर टेकवून, फक्त पंजा फिरवायचा.

आणि पहिले दोन आठवडे दुहेरी पुलावर, वर्धा रोडवर वगैरे जाऊ नका. रविवारी सकाळी साडेसहाला मिहानचे रस्ते रुंद आणि बरेच मोकळे असतात. तिथे जा. शंभर वेळा थांबा, शंभर वेळा निघा. दुसरा सराव नको.

५. अक्षर वाचा, मग पाय सोडा

आता मुख्य गोष्ट. गिअरच्या गाडीत दांडी कुठे आहे हे तुमच्या तळहाताला कळतं. पहिला वर, दुसरा खाली, न्यूट्रलमध्ये ती सैल डुलते. डोळे मिटूनही सांगता येतं. चकरीच्या बहुतेक गाड्यांत हाताखालून पेटीपर्यंत सळई किंवा तार जात नाही, जातो तो फक्त विजेचा संदेश. संगणक तो वाचतो आणि पटला तरच अमलात आणतो. ब्रेक दाबलेला नसेल, गाडी अजून चालती असेल, दार उघडं असेल, तर काही गाड्या सरळ नकार देतात. पडद्यावर जुनंच अक्षर राहतं, एखादा ‘टुंग’ आवाज होतो, आणि तुमचा हात मात्र समजून चालतो की काम झालं.

म्हणून क्रम पाठ करा, अगदी पाढ्यासारखा:

- गाडी पूर्ण थांबवा. सरकत असताना नाही.
- ब्रेक दाबूनच ठेवा.
- चकरी फिरवा आणि टक मोजा.
- पडद्यावरचं अक्षर मोठ्याने वाचा. “आर.” हो, मोठ्याने.
- मगच मागे बघा आणि पाय सोडा.

मोठ्याने वाचताना शेजारचे हसतात. माझ्या मुलीने तर आठवडाभर माझी नक्कल केली. हसू द्या.

हे फार वाटत असेल, तर अमेरिकेतली गोष्ट ऐका. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लर कंपनीने अकरा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. त्यांत चकरी नव्हती, दांडीच होती. पण ती इलेक्ट्रॉनिक होती आणि ढकलून सोडली की पुन्हा मधोमध येऊन उभी राहायची. पी पडला की नाही, हे हाताला कळतच नव्हतं. लोक पी समजून उतरायचे आणि गाडी घरंगळायची. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा तरुण अभिनेता स्वतःच्या घराच्या उतारावर, परत बोलावलेल्या गाड्यांपैकीच एक गाडी आणि फाटकाजवळचा खांब यांच्यामध्ये चिरडून गेला. दांडी असून हे झालं. म्हणजे धोका आकारात नाही, हाताला उत्तर न मिळण्यात आहे.

एक आपल्याकडची अडचण. मे महिन्यात दुपारी दोनला उन्हात उभी असलेली गाडी उघडा, चकरीचं धातूचं कडं तव्यासारखं तापलेलं असतं. बोट लावलं की चटका, आणि माणूस घाईत अर्धीच फिरवून हात काढतो. मी गाडी लावताना चकरीवर दुपट्ट्याची घडी टाकून ठेवते. उन्हाळ्यात आपल्या गाडीत दुपट्टा नसतो असं होतच नाही.

६. चढ

गिअरच्या गाडीत चढावरून निघायची रीत सगळ्यांना माहीत आहे. हँडब्रेक ओढा, पहिला टाका, क्लच सोडत सोडत गाडीचं नाक उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. हे ज्याला येतं त्याला सेमिनरी हिल्सवरही भीती नाही.

ऑटोमॅटिकमध्ये लोक समजतात की चढ आता गाडीचा प्रश्न. थोडा आहे, पूर्ण नाही. टॉर्क कन्व्हर्टर सौम्य चढावर बऱ्यापैकी धरते. एएमटी आणि काही इलेक्ट्रिक गाड्या हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी धरून ठेवायची सोय, नसेल तर मागे येतात, आणि हिल होल्ड असलं तरी ते काही सेकंदच पकडतं. ब्रेकवरून पाय काढून मोबाइलकडे पाहिलंत, तर संपलं. क्विडच्या सुरुवातीच्या एएमटीत तर ब्रेक सोडला तरी गाडी आपण होऊन सरकायची नाही. गर्दीत प्रत्येक इंचाला अ‍ॅक्सिलरेटर लागायचा. म्हणून जुनी घेताना ‘सरकते का’ हे विचारा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर तोलून धरणं. गिअरच्या गाडीत हाफ क्लचवर आपण हेच करत होतो आणि क्लच प्लेट जाळत होतो. कोरड्या क्लचच्या डीसीटीत आणि एएमटीतही तेच होतं, फक्त आता क्लच यंत्र दाबतं म्हणून वास येईपर्यंत कळत नाही. बाहेर ४५ अंश, एसी पूर्ण, पुढे वरातीसारखी रांग, अशात गाडी ‘पेटी तापली’ म्हणून इशारा देते. ब्रेक पूर्ण दाबा, पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम सरका. लांबलचक सिग्नल असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक.

उतारावर न्यूट्रल मात्र करू नका. पेट्रोल वाचतं म्हणून उड्डाणपुलावरून न्यूट्रलमध्ये घरंगळणारे बरेच काका आहेत. हल्लीच्या इंजिनात गिअरात असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप तुटतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

७. गाडी लावताना, आणि धंतोलीतला प्रसंग

पी म्हणजे आत एक लोखंडी आकडा दातेरी चाकाच्या खाचेत जाऊन बसतो. एवढ्याशा आकड्यावर सगळ्या गाडीचं वजन टाकायचं नसतं. म्हणून ब्रेक दाबून आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेक हलका सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, आणि शेवटी पी. उलट केलंत तर उतारावर पी मधून काढताना ‘खाड’ असा आवाज येतो. आकडा सुटल्याचा तो आवाज.

पी नसलेल्या गाड्या आहेत हे विसरू नका. २०२० च्या पहिल्या नेक्सॉन इलेक्ट्रिकच्या चकरीवर आर, एन, डी आणि एस एवढंच होतं. तिथे हातातला हँडब्रेक हेच सगळं. खच्चून ओढा आणि उतार असेल तर चाकं कडेकडे वळवून ठेवा. एएमटीत पी नसेल तर गाडी गिअरात ठेवून बंद करायची. नेमकी कोणत्या गिअरात, ते गाडीसोबत आलेल्या पुस्तकात दिलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातून एकदा बाहेर काढाच.

आता खास आपली अडचण. धंतोलीत दवाखान्यांच्या गर्दीत गाडी लावायला गेलात की पार्किंगवाला म्हणतो, “हँडब्रेक काढा, न्यूट्रलला ठेवा, किल्ली नेली तरी चालते.” म्हणजे तुमची गाडी दुसऱ्या गाडीच्या मागे आडवी, आणि कुणाला निघायचं असलं की तो ढकलून बाजूला करणार. गिअरच्या गाडीत ही सोय उत्तम चालते. माझी गाडी बंद केली की स्वतःच पी मध्ये जाते आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक लावते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, आम्ही आत बसलेलो, आणि बाहेरून माणूस धावत आला. “मॅडम, चार जण लागून राहिलो, तुमची गाडी हलून नाही राहिली!” मागे एक रुग्णवाहिका अडकलेली नव्हती हे नशीब.

तेव्हापासून मी गाडी लावतानाच सांगते: “दादा, ही ढकलता येत नाही, कडेची जागा द्या.” जागा नसेल तर पुढच्या गल्लीत लावून चालत येते. काही गाड्यांत बंद केल्यावरही न्यूट्रल ठेवायची सोय असते, तीही पुस्तकात सापडते. पण धंतोलीच्या चौकात उभं राहून ती शोधू नका.

८. बॅटरी उतरली तर

इथे मात्र गिअरची गाडी जिंकते. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, दोन पोरं मागून धक्का देणार, क्लच झटकन सोडला की इंजिन पेटलं. चकरीच्या गाडीत धक्का स्टार्ट हा प्रकार नाही. आणि ही गोष्ट इलेक्ट्रिकवाल्यांनी नीट ऐका: खाली मोठी बॅटरी भरलेली असली तरी बहुतेक गाड्यांत कुलूप, पडदा आणि चकरी एका छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ती उतरली की लाखोंची गाडी ठोकळा होते. नागपूरचा उन्हाळा त्या बॅटरीला मारतो.

गाडीत ठेवा: जंपर केबल, टायरात हवा भरायचा पंप, टॉर्च, आणि कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतीचा नंबर कागदावर लिहून. मोबाइलही तेव्हाच उतरलेला असतो.

टोचन करून नेऊ देऊ नका. दोरीने ओढत न्यायची पद्धत गिअरच्या गाडीला ठीक आहे. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिकमध्ये चाकं फिरली की आतली पेटी किंवा मोटार फिरते आणि खराब होऊ शकते. गाडी पूर्ण उचलून सपाट ट्रकवर घालणारी टोइंगच बोलवा. जास्त पैसे लागतात, लागू द्या.

९. मग गिअरची गाडी कुणी घ्यावी?

ज्याचं चालवणं जास्त गावाकडे आहे, उमरेड-भिवापूरकडे शेतरस्त्यावर चिखल लागतो, जवळ फक्त ओळखीचा मिस्त्री आहे, त्याने. पैशाचा हिशोब ज्याला घट्ट करायचा आहे त्यानेही. गिअर आणि एएमटीत अर्ध्या लाखाच्या आसपास फरक पडतो, त्यापुढच्या पेट्यांत अजून जास्त. आणि ज्याला गाडी चालवायला मनापासून आवडतं, त्याने. समृद्धीवर शिवमडक्याहून निघून तासन्‌तास एकाच गिअरात जाताना कुणालाच फरक पडत नाही, पण पचमढीच्या घाटात माझे मिस्टर अजूनही जुनी गाडीच काढतात.

शहरात रोज दोन वेळा सीताबर्डी ओलांडणाऱ्याने, गुडघे दुखणाऱ्याने, आणि नव्याने शिकणाऱ्या पन्नाशीच्या बाईने चकरी घ्यावी, बिनधास्त.

१०. किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना

गाडी तुम्हाला येते, दुसऱ्याला नाही. धुणारा पोरगा, लग्नात गाडी लावून देणारा, गावाहून आलेला दीर, हे सगळे दांडीवर वाढलेले. किल्ली देताना मी त्यांना तीन वाक्यं सांगते: ब्रेक दाबल्याशिवाय चकरी ऐकत नाही. पडद्यावरचं अक्षर वाचा. उतरायच्या आधी पी.

मागच्या महिन्यात दिराला सांगितलं, तर तो म्हणाला, “वहिनी, पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवला आहे.” आणि बसल्या बसल्या त्याचा डावा हात दोन सीटच्या मध्ये गेला, दांडी शोधायला. तिथे त्याला माझा पाण्याचा पेला सापडला, तो त्याने चांगला हलवून पाहिला. मी त्याच्या हातून किल्ली परत घेतली आणि मीच चालवत गेले.